कर भरू, जाच सोसणार नाही

विष्णुपुरीतल्या दुकानदार बंधू-भगिनींनो,

२२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर उतरले. बहुतेक औषधं १२ वरून ५ टक्क्यांवर आली. चांगलंच झालं. पण रिटर्न भरायच्या ११, १३, २०, २२ या तारखा त्याच राहिल्या आणि त्या दिवशी आमच्या ऑफिसबाहेर तुमच्या चपलाही तेवढ्याच राहिल्या.

पत्रक कर सल्लागारांनी काढलंय म्हणून काहींच्या भुवया उंचावतील. किचकट कायद्यावर तर यांचं पोट! खरं आहे, नाकारत नाही. पण वह्या बघून ‘उधारी फार झाली, माल कमी भरा’ हे वेळेवर सांगणं आमचं मूळ काम. आता दिवस जातो तो पोर्टलवर ओटीपीची वाट बघण्यात.

सगळ्यात मोठा अन्याय खरेदीवर भरलेल्या कराच्या क्रेडिटचा. होलसेलरकडून लाखाचा माल घेतला, १८ हजार कर त्याला बँकेतून दिला, पक्कं बिल फाइलला लावलं. त्याने आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत रिटर्न भरलं नाही, तर ३० नोव्हेंबरपर्यंत ते क्रेडिट तुम्ही परत करायचं, नाहीतर वर व्याज. चोर सोडून संन्याशाला फाशी! होलसेलरला नोंदणी दिली सरकारने, पत्ता सरकारकडे, वसुलीचे अधिकारही सरकारकडे. मग झळ तुम्हाला का?

विद्यापीठाला सुट्या लागल्या की वह्या-झेरॉक्सची दुकानं ओस पडतात. विक्री शून्य असली तरी रिटर्न हवंच. चुकलं तर दिवसाला २० रुपये, एका रिटर्नमागे ५०० पर्यंत. न विकलेल्या मालाचा हा दंड!

आमचं मागणं एवढंच: पक्कं बिल आणि बँकेचा पुरावा दाखवणाऱ्याचं क्रेडिट कापू नका. शून्य विक्रीवर विलंब शुल्क नको. कंपोझिशन योजनेतला व्यापारी तिमाहीला कर भरतो आणि वर्षाला एक रिटर्न देतो. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याला तीच सोय द्या.

ज्यांचं नाव इथल्या गोदावरीवरच्या प्रकल्पाला आहे, ते शंकरराव चव्हाण १९८८-८९मध्ये देशाचे अर्थमंत्री होते. दिल्लीच्या तिजोरीला चार शब्द सुनावायला नांदेडकरांनी का लाजावं?

जीएसटी परिषदेला पाठवायचं निवेदन आमच्या टेबलावर ठेवलंय. रिटर्नला याल तेव्हा सही करा. येताना दुकानाचा शिक्का आणा.

आपले,
विष्णुपुरी परिसरातले कर सल्लागार आणि हिशेबनीस