वेग आणि मांड

वेगवान गाडी घेणारा बहुधा आकडे विकत घेतो. २००५ साली आलेल्या बुगाटी वेरॉनमध्ये हजार अश्वशक्ती होती. पण ती सार्वजनिक रस्त्यावर वापरायची कुठे? याउलट १९८९ची माझदा एमएक्स-५ : १.६ लिटरचे इंजिन, जेमतेम ११५ अश्वशक्ती, वजन टनाच्या आत. तिच्या कर्त्यांचे सूत्र होते 'जिन्बा इत्ताई', म्हणजे स्वार आणि घोडा यांचे अद्वैत. आपल्याकडे घोडेस्वाराची मांड म्हणतात, ती याहून वेगळी नाही. हलकी गाडी वळणावर चाकांखालचा रस्ता चालकाच्या हातांपर्यंत पोहोचवते. अवजड गाडीत तो वाटेतच विरतो. म्हणून गाडी घेताना अश्वशक्तीआधी वजन विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जिची शक्ती पुरती वापरता येते, तीच गाडी चालवण्याचा आनंद देते. उरलेली शक्ती केवळ मिरवण्यापुरती.