थकव्याचं माप भुसावळच्या फलाटावर

नागपूर आणि इटारसीकडचे मार्ग जिथे फुटतात, त्या भुसावळ जंक्शनला रात्र म्हणून विसावा नाही. टीसी, बुकिंग क्लार्क, रेल्वे दवाखान्यातल्या परिचारिका, सगळ्यांचं काम माणसांशी. तेही पाळ्यांमध्ये, मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या तापात.

अशा कामात मन किती झिजतं हे मोजायला क्रिस्टिना मास्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत प्रश्नावली मांडली. त्यात २२ विधानं, भाग तीन: भावनिक थकवा, समोरच्याविषयी आलेला कोरडेपणा आणि आपल्या हातून काही चांगलं घडतंय ही भावना. डेन्मार्कमधल्या कर्मचाऱ्यांना मात्र त्यातले काही प्रश्न खटकले. तिथल्या संशोधकांनी २००५ मध्ये थकव्यावरच भर देणारी वेगळी प्रश्नावली प्रसिद्ध केली.

मग तेच प्रश्न खान्देशात जसेच्या तसे कसे चालतील? 'प्रवाशांशी मी तुटक वागतो' हे साहेबाने दिलेल्या कागदावर कोण लिहील?

प्रश्न आधी इथल्या कर्मचाऱ्यांसोबत बसून तपासावेत, उत्तरं निनावी घ्यावीत आणि ड्यूटीच्या तक्त्याशी ताडून पाहावीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून मन झिजण्याच्या या अवस्थेला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटलं आहे. त्यामुळे उपायही पाळ्या, विश्रांती आणि रिक्त जागांपासूनच सुरू व्हायला हवेत.