कागदावर नसलेली कामं

मार्च उजाडला की लालबागच्या मसाला गल्लीत नाकाला रुमाल लावूनच शिरावं लागतं. बदलापूर, बोरिवलीला राहायला गेलेली कुटुंबंसुद्धा वर्षाच्या मसाल्यासाठी इथेच परततात. दुकानदार आधी विचारतो, ‘‘मालवणी की आगरी?’’ मग ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, धणे इतके, दगडफूल आणि नागकेसर चिमूटभर, अशी मापं तोंडी ठरतात. भाजणं आणि कांडप डोळ्यांसमोर होतं. गिऱ्हाईक राखण करत उभं राहतं, कारण आपल्या मिरचीत दुसऱ्याची मिसळली तर काय, हा संशय मुंबईकराच्या रक्तात आहे.

या गल्लीत माझी नजर जाते ती मिरचीची देठं खुडणाऱ्या बायकांकडे. फुटपाथवर गोणपाट, पुढ्यात लाल ढीग, आणि मजुरी किलोवर. बोटांची आग खोबरेल चोळूनही रात्रीपर्यंत जात नाही. हे काम हंगामाचं, पण घराजवळचं. मुलाला शाळेतून आणून पुन्हा ढिगाशी बसता येतं. नोकरीच्या जाहिरातीत असं काम कधी दिसणार नाही आणि रोजगाराच्या आकडेवारीत ते कोणत्या रकान्यात बसतं, देव जाणे.

कापड गिरण्यांच्या या गिरणगावाला अशा कामांचा मोठा आधार होता. गावाहून एकट्याने आलेल्या कामगारांना इथल्या बायकांनी खाणावळी चालवून जेवू घातलं. या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. त्याआधी 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्याचं पुढे लिज्जत झालं. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरातले कामगार त्यात उतरले आणि त्यातल्या हजारोंना पुन्हा कामावर जायला मिळालंच नाही. त्यानंतर कित्येक घरांची चूल पेटली ती बाईच्या डब्यांवर, शिवणावर, मसाल्यावर. गिरण्यांच्या जागी मॉल आले, टॉवर आले. तिथे कामं निर्माण झाली हे खरं. पण लूम चालवणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला काचेच्या दुकानात कोण उभं करणार?

दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देणाऱ्या ॲपवर राग काढून मी मोकळा होणार नाही. ती घेऊन येणारा मुलगाही याच चाळींतला असतो, आणि पावसात जिने चढतो. फरक पुढच्या दहा वर्षांत आहे. किराणा दुकानात पुड्या बांधणारा पोऱ्या हळूहळू भाव शिकतो, उधारी शिकतो, घाऊक बाजारातली माणसं ओळखू लागतो आणि एखादा स्वतःचं दुकान थाटतो. फेऱ्या मारणारा मुलगा काय शिकतो? रस्ते. आणि महिनाअखेरीला वहीत लिहून घेणारं ॲप मी अजून पाहिलेलं नाही.

दुकानदारांनाही दोन शब्द सुनवायला हवेत. सुट्टे नाहीत म्हणून गिऱ्हाइकाच्या हातावर गोळ्या ठेवायच्या, तारीख उलटलेलं पाकीट पुढे सरकवायचं आणि वर तोंड फिरवायचं, हे चालवून घेण्याला छोट्या दुकानांना पाठिंबा देणं म्हणत नाहीत. पण भाजीवालीशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालून मॉलमध्ये छापील किंमत निमूट मोजणाऱ्यांनीही फार बोलू नये.

खरं संकट मात्र ॲपचं नाही, नकाशाचं आहे. मध्य मुंबईत जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. भाडेपावती असलेल्या दुकानदाराला नव्या इमारतीत गाळा मिळतो. जिन्याखालचा घड्याळजी, ओट्यावरचा इस्त्रीवाला, दारात वाटे लावणारी कोळीण यांच्याकडे पावती नसते. संक्रमण शिबिरात माणसं जातात, त्यांची गिऱ्हाइकं जात नाहीत. नवी इमारत उभी राहते तेव्हा तळाला पार्किंग असतं, दारावर पहारेकरी असतो, आणि कपडे इस्त्रीला टाकायचे तर ॲप उघडावं लागतं. फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा आहे. त्यात नगर पथविक्रेता समितीची, सर्वेक्षणाची, प्रमाणपत्राची तरतूद आहे. पण इमारतीच्या आत, जिन्याखाली पोट भरणाऱ्याला तो लागू होणार कसा?

इथे रहिवाशांना बरंच करता येतं. तुमची चाळ किंवा सोसायटी पुनर्विकासाला निघाली असेल, तर कार्पेट एरियाच्या वाटाघाटींत जो जीव ओतता त्यातला थोडा तळमजल्यासाठी राखा. विकासकाकडून तळमजल्याचा नकाशा मागवा. आज आवारात पोट भरणाऱ्यांची यादी करून ती सर्वसाधारण सभेत वाचा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. रस्त्याच्या बाजूला दोन-चार छोट्या टपऱ्यांपुरती जागा, एक नळ, एक विजेचं मीटर मागा. करारावर सह्या होण्याआधीच मागा. नंतर विकासक तुमचा फोनही उचलणार नाही.