आई, तुझा नंबर कुठाय?

गेल्या वर्षीची १ मेची सकाळ. साडेपाच वाजले होते. आमच्या तालुक्याच्या गावात महाराष्ट्र दिनानिमित्त मॅरेथॉन होती. म्हणजे अंतर पाचच किलोमीटर, पण आपल्याकडे त्यालाही मॅरेथॉनच म्हणतात. (खरी मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते!) घरातले तिघं धावणार होते. नवरा, आठवीत जाणारी लेक आणि पाचवीत जाणारा मुलगा. तिघांच्या छातीवर नंबर आणि माझ्या खांद्यावर तीन पिशव्या. एकीत पाण्याच्या बाटल्या आणि ग्लुकोज, दुसरीत टॉवेल आणि कोरडे कपडे, तिसरीत पोह्यांचा डबा. पोहे करायला मी चारला उठले होते.

नंबरला पिन लावून घ्यायला लेक जवळ आली. पिन लावता लावता सहज म्हणाली, "आई, तुझा नंबर कुठाय?"

मी हसले. म्हटलं, "मी पळाले तर या पिशव्या कोण धरणार?"

ती काही बोलली नाही, पळत गेली. पण माझंच उत्तर दिवसभर माझ्या कानात वाजत राहिलं. मी असं म्हटलेच कसं? आणि इतकं पटकन?

त्या उन्हाळ्यात आम्ही एक ठरवलं होतं. नवऱ्याची साखर काठावर आली होती, मुलांच्या हातातला मोबाईल सुटत नव्हता. तेव्हा या सुट्टीत जिथे जमेल तिथे धावायचं आणि दोनदा तरी तंबूत राहायला जायचं. १ मे, ५ जूनचा पर्यावरण दिन आणि २३ जूनचा ऑलिंपिक दिन अशा तीन दौडी. मे महिन्यात तापोळ्याला कोयनेच्या पाण्याकाठी एक मुक्काम, जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला दुसरा. खर्च म्हणाल तर लग्नाच्या एका आहेराइतकाही नाही. मुलं बदलली, नवऱ्याचं पोट आत गेलं. म्हणून आधीच सांगते, ही कल्पना उत्तम आहे, जमेल त्यांनी जरूर करावी. माझं म्हणणं वेगळंच आहे. अशा सुट्टीला आपण 'सहकुटुंब' म्हणतो, पण त्या कुटुंबात आई धरलेली असते का?

तापोळ्याचंच सांगते. तंबू नवऱ्याच्या मित्राकडून आणला होता. माझी तयारी दोन दिवस आधीच सुरू झाली. तांदूळ, डाळीचं पीठ, कांदे-बटाटे, तिखटमिठाचा डबा, कुकर, छोटी शेगडी, पांघरुणं, खोकल्याचं औषध. बाकीच्यांची तयारी म्हणजे बॅट आणि बॉल. पोचल्यावर तिघांनी तंबू उभा केला, फोटो काढले आणि पाण्यात उतरले. मी शेगडी पेटवली. जागा तेवढी बदलली, काम तेच! उलट घरी ओटा तरी असतो, इथे उकिडवं बसून पिठलं ढवळायचं.

जेवणं झाली. भांडी घासून आले तर तिघंही गाढ झोपलेले. वर बघितलं तर आकाश चांदण्यांनी नुसतं गच्च भरलेलं. आमच्या गल्लीतल्या दिव्यांमुळे एवढ्या चांदण्या मी कित्येक वर्षांत पाहिल्या नव्हत्या. आणि ते दाखवायला जवळ कुणी जागं नव्हतं. मला तेव्हा काय वाटलं ते बायकांना सांगायला नको.

परत येताना गाडीत मी म्हटलं, "पुढच्या वेळी तुम्ही तिघं जा. मी घरी थांबते. काम तेवढंच, निदान कंबर तरी दुखणार नाही."

नवरा म्हणाला, "अगं, तुला एवढं करायला सांगितलं कुणी? ब्रेड-बिस्किटांवरही भागलं असतं!"

राग आला, पण नंतर विचार केला तेव्हा त्यातलं अर्धं खरं वाटलं. मलाच कुणी सांगितलं नव्हतं. आपण जिथे जाऊ तिथे स्वयंपाकघर पदराला बांधून नेतो. 'पोरांना बाहेरचं सोसत नाही', 'ह्यांना गरम लागतं' ही वाक्यं माझीच. पण उरलेलं अर्धंही खरं आहे. ब्रेडवर भागलं असतं, हे निघायच्या आधी कुणी म्हणालं नाही. दोनदा पिठलं वाढून घेतल्यावर सुचलं!

घरी आल्यावर माझी बाजू घेतली ती सासूबाईंनी. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, बाईमाणसानं कसलं पळायचं. तर त्या म्हणाल्या, "तंबूत राहणं नि पळणं तुमचं नवीन काय गं? वारीत आम्ही आळंदीपासून पंढरपूरपर्यंत राहुट्यांतच राहायचो. आणि पुरंदवड्याच्या रिंगणात डोक्यावर तुळस घेऊन नऊवारीत पळालेय मी. तुला काय झालंय? दोन तास घर मी बघते."

खरंच की! माउलींच्या पालखीचं गोल रिंगण आपण दरवर्षी टीव्हीवर बघतो. त्यात तुळशी डोक्यावर घेतलेल्या बायका धावतात, हंडे घेतलेल्याही धावतात. साठीच्या, सत्तरीच्या. त्यांना कुणी 'या वयात?' असं विचारत नाही. देवासाठी धावलेलं चालतं, फक्त स्वतःसाठी धावायचं म्हटलं की सगळ्यांना प्रश्न पडतात.

आणि हे प्रश्न आपल्याकडेच पडतात असंही नाही. अमेरिकेत बॉस्टनची मॅरेथॉन फार जुनी आणि मानाची. तिथे १९६७ साली कॅथरिन स्विट्झर नावाच्या मुलीनं नावाची नुसती आद्याक्षरं लिहून फॉर्म भरला आणि २६१ नंबर लावून धावायला लागली. वाटेत एका अधिकाऱ्यानं तिच्या अंगावर धावून जाऊन तो नंबर ओढून काढायचा प्रयत्न केला. तरी तिनं शर्यत पुरी केली. बायकांना तिथे अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७२ साली, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली थेट १९८४ मध्ये. एवढं अंतर बाईच्या शरीराला झेपणार नाही, असं म्हणे! बाळंतपण झेपतं, डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणं झेपतं, आणि पळणं तेवढं झेपत नाही?

मी पळायला लागले ते मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. पहिल्या दिवशी शंभर पावलांत धाप लागली. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं, तर हिमोग्लोबिन साडेनऊ. त्या म्हणाल्या, "घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका." २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. म्हणजे आपल्यातल्या निम्म्याहून जास्त जणी 'दमायला होतं' म्हणत दिवस ढकलतात आणि ते आपल्या स्वभावावर घेतात. मी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, जेवणानंतर लगेच चहा घेणं बंद केलं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आधी नुसतं चालले, मग तीन मिनिटं चालायचं आणि एक मिनिट हळूहळू पळायचं. पळताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग. सलवार-कमीजवरच पळाले, पण बूट मात्र नीट घेतले आणि आतले कपडेही घट्ट बसणारे. या दोन गोष्टींत काटकसर करू नका. बाकी सगळं जुनं चालतं.

शरीरापेक्षा अवघड होता तो रस्ता. जवळच्या शाळेचं मैदान केवढं मोठं, पण फाटकाला कुलूप. रस्त्यावर दिवा चालू तर तीन बंद. कुत्री वेगळीच. चहाच्या टपरीवरची पोरं "काकी, बस चुकली का?" म्हणून हसायची. आणि एका ओळखीच्या बाईंनी सासूबाईंनाच विचारलं, "सुनेला घरात कामं कमी पडली वाटतं?" सासूबाई म्हणाल्या, "हो, मी करते ना!" मग मी एक युक्ती केली. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई आणि दूध डेअरीत काम करणारी मैत्रीण, दोघींना बरोबर घेतलं. एकटी बाई पळाली की ती तमाशाचा विषय होते. तिघी पळाल्या की लोक पंधरा दिवसांत कंटाळतात. अनुभवाचे बोल आहेत!

५ जूनला माझं नाव लिहिलं. अंतर तीन किलोमीटर. फॉर्म भरताना एक गोष्ट लक्षात आली. पुरुषांचे पस्तिशीच्या पुढचे, पंचेचाळिशीच्या पुढचे, साठीच्या पुढचे असे वेगवेगळे गट होते. बायकांचा मात्र एकच, 'खुला गट'. म्हणजे एकोणीस वर्षांची कॉलेजची खेळाडू आणि बेचाळीस वर्षांची मी एकाच रांगेत! पहिलं बक्षीस पुरुषांना पाच हजार, बायकांना अडीच हजार. मी संयोजकांना विचारलं, तर म्हणाले, "ताई, बायका येतातच कुठे?" मी म्हटलं, "अडीच हजारांत अर्ध्याच येणार!" ते हसले. पण मला हसू आलं नाही. बायका येत नाहीत म्हणून सोयी करत नाहीत, आणि सोयी नाहीत म्हणून बायका येत नाहीत. हे कुणीतरी कुठेतरी तोडायला नको का?

तीन किलोमीटरला मला सत्तावीस मिनिटं लागली. शेवटून तिसरी आले. पोचले तेव्हा लेक माझा टॉवेल घेऊन उभी होती आणि पिशव्या होत्या नवऱ्याच्या खांद्यावर. नाश्त्याला गाड्यावरची इडली होती. पोरांना ती व्यवस्थित सोसली!

भंडारदऱ्याला जाताना मी आधी कागद-पेन घेतलं. काय काय कामं आहेत ते लिहून काढलं आणि वाटून टाकलं. स्वयंपाक नवरा आणि लेक, भांडी मुलगा आणि मी, पसारा ज्याचा त्यानं आवरायचा. खिचडी थोडी लागली. पण त्या रात्री मी जागी होते, आणि बाकीचेही. हिरड्याच्या झाडावर हजारो काजवे एका लयीत लुकलुकत होते. काजव्यांमधला नर उडता उडता प्रकाश देतो आणि मादी खाली बसून त्याला प्रकाशानंच उत्तर देते, म्हणून तिथे बॅटरी किंवा मोबाईलचा फ्लॅश लावू नये, असं गावातल्या वाटाड्यानं सांगितलं. आम्ही चौघं अंधारात गुपचूप उभे होतो. तापोळ्याचं चांदणं वसूल झालं.

तिथलीही एक तक्रार आहे. पन्नास-साठ माणसं आणि दोन संडास, त्यातल्या एकाला कडी नाही. लेक आणि मी संध्याकाळपासून पाणीच प्यायलो नाही. उन्हाळ्यात बायकांनी पाणी टाळायचं म्हणजे दुखणं ओढवून घ्यायचं. तेव्हा पैसे भरण्याआधी जेवणात काय आहे ते नंतर विचारा. संडास किती, त्याला कडी आणि पाणी आहे का, हे आधी विचारा. विचारायची लाज वाटून घेऊ नका. चार जणींनी विचारलं की पाचवीसाठी कडी बसते.

आमच्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बारामतीच्या लता करे नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून २०१३ साली नऊवारीत अनवाणी धावल्या आणि जिंकल्या, तेव्हा डोळे पुसले. त्यांच्यावर पुढे सिनेमाही आला. पण बाई पदकासाठी धावली की कौतुक, नवऱ्यासाठी धावली की कौतुक, आणि काही कारण नसताना, नुसतं बरं वाटतं म्हणून धावली की मात्र 'कामं कमी पडली का'? मला हे 'नुसतं बरं वाटणं' हवंय. नवऱ्याला आणि मुलांना ते न मागता मिळतं, मलाही तसंच मिळावं.

त्यासाठी फार काही लागत नाही. शाळांनी आणि तालुक्याच्या क्रीडा संकुलांनी पहाटे दोन तास फाटक उघडावं, दिवे लावावेत. संयोजकांनी बायकांचेही वयोगट करावेत आणि बक्षीस सारखं ठेवावं. घरच्यांनी निघण्याआधी कामं वाटून घ्यावीत. आणि आपण, मैत्रिणींनो, थोडी करपलेली खिचडी गोड मानून खावी. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. माझा हात अजूनही कलथ्याकडे जातो.

२३ जूनला आम्ही चौघांनीही पाच किलोमीटरचा फॉर्म भरला. सुरुवातीच्या रेषेवर पोचल्यावर लक्षात आलं, पिशव्या धरायला आता कुणीच नाही. क्षणभर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी माझा नंबर नीट केला आणि पिशव्या वडाच्या पारावर ठेवून दिल्या.

पाऊण तासानं परत आलो, तर पिशव्या होत्या तिथेच होत्या. एवढी वर्षं मी उगाच धरून उभी होते!