तारेतले अस्पृश्य आणि मसुद्यातले अस्पृश्य

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की समाजमाध्यमांवर एक ठरलेला प्रश्न फिरू लागतो. '१९४२ साली देश इंग्रजांना चले जाव म्हणत होता, तेव्हा तुमचे बाबासाहेब कुठे होते?' उत्तर गुपित नाही. बाबासाहेब जुलै १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. या टोमण्याला चिडून आपली काही तरुण मंडळी उलट टोक गाठतात. म्हणतात, 'इंग्रजांनाच आमची काळजी होती. चर्चिलने खुद्द अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला तसं कळवलं होतं.'

मित्रांनो, हे दोन्ही पवित्रे सारखेच घातक आहेत. पहिला बाबासाहेबांना देशविरोधी ठरवतो. दुसरा आपल्याला इंग्रजांचे उपकृत ठरवतो. म्हणून ज्या तारेचा हवाला दिला जातो, ती कोणत्या परिस्थितीत, कशासाठी गेली आणि त्यानंतर काय घडलं, हे नीट तपासलं पाहिजे.

आधी परिस्थिती. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. तिथे सुमारे ४० हजार भारतीय सैनिक युद्धकैदी झाले. १९ फेब्रुवारीला ऑस्ट्रेलियातल्या डार्विन बंदरावर बॉम्ब पडले. ८ मार्चला रंगून गेलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोलंबो, विशाखापट्टणम आणि काकीनाडा इथे जपानी बॉम्ब पडले. आशिया कसा वाचवायचा, यावर लंडन, वॉशिंग्टन आणि कॅनबेरा यांच्यात तारांचा पाऊस पडत होता.

या तारांमधला एक प्रसंग आपल्या मुद्द्यासाठी फार महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलियाचं सातवं डिव्हिजन मध्यपूर्वेतून जहाजांनी मायदेशी परतत होतं. चर्चिलला ते रंगून वाचवायला हवं होतं. त्याने पंतप्रधान जॉन कर्टिन यांच्याकडे मागणी केली. रुझवेल्टनेही कर्टिन यांना तीच गळ घातली. कर्टिन नाही म्हणाले. तरी चर्चिलने होकाराची वाट न पाहता जहाजं रंगूनच्या दिशेने वळवली. कर्टिन यांनी संतापून तार केली आणि आपला नकार कायम ठेवला. शेवटी जहाजं इंधनासाठी कोलंबोला गेली आणि तिथून ऑस्ट्रेलियाकडे.

सत्तर लाख लोकवस्तीचा देश दोन महासत्तांच्या प्रमुखांना 'नाही' म्हणाला आणि त्यांना ते ऐकावं लागलं. कारण त्या तारेखाली सही करणारा माणूस आपल्या लोकांनी निवडलेला होता. भारताची लोकसंख्या तेव्हा अडतीस कोटींच्या वर होती. पण ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही भारतीय प्रतिनिधीला न विचारता या देशाला युद्धात उतरवलं होतं. आणि त्या अडतीस कोटींच्या आतही एक समाज असा होता, ज्याच्या वतीने सही करायचा हक्क कोणाचा, यावरच भांडण होतं.

आता ती तार. ४ मार्च १९४२ ला चर्चिलने रुझवेल्टला भारताविषयी कळवलं. युद्धानंतर भारताला वसाहतीचं स्वराज्य देण्याच्या घोषणेचा विचार चालू आहे, पण अडचणी आहेत, असा त्याचा सूर होता. मुसलमानांशी बिघडवून चालणार नाही, कारण लढाई ज्या सैन्यावर अवलंबून आहे त्यात तेच मुख्य आहेत. संस्थानिकांशी झालेले करार आहेत. आणि तीन ते चार कोटी अस्पृश्यांप्रती आमचं कर्तव्य आहे.

कर्तव्य! शब्द मोठा आहे. पण 'तीन ते चार कोटी' हा आकडाही बघा. त्या एका 'ते'मध्ये एक कोटी माणसं आहेत. असली तर असली, नसली तर नसली. ज्यांच्याप्रती कर्तव्य आहे, ते किती आहेत हेसुद्धा नक्की सांगायची गरज कोणाला वाटली नाही.

मग या आकड्याचं काम काय होतं? रुझवेल्ट भारताच्या प्रश्नावर दबाव आणत होता. ऑगस्ट १९४१ च्या अटलांटिक सनदेत दोघांनी मिळून जाहीर केलं होतं, की आपण कोणत्या शासनाखाली राहायचं हे ठरवण्याचा हक्क सर्व लोकांना आहे. सप्टेंबरमध्ये चर्चिलने पार्लमेंटात सांगून टाकलं, की हे नाझींच्या टाचेखालच्या युरोपसाठी आहे, भारतासाठी नाही. आता जपान दारात आला, तेव्हा मित्राला थोपवायला काहीतरी सबब हवी होती. आपण त्या सबबीतली एक ओळ होतो.

रुझवेल्टच्या बाजूनेही भाबडेपणा नको. १० मार्चच्या उत्तरात त्याने भारतात तात्पुरतं सरकार नेमायची कल्पना मांडली. त्यात वेगवेगळ्या जाती, व्यवसाय, धर्म आणि प्रदेशांचे प्रतिनिधी असावेत असं सुचवलं. वाचायला बरं वाटतं. पण हे लिहिणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या स्वतःच्या सैन्यात काळे सैनिक गोऱ्यांपासून वेगळ्या पलटणींत ठेवले जात होते. म्हणूनच त्या वर्षी अमेरिकेतल्या काळ्या वृत्तपत्रांनी दुहेरी विजयाची हाक दिली होती, एक विजय बाहेरच्या फॅसिझमवर आणि एक घरातल्या वंशभेदावर.

शब्द खरा होता की सोयीचा, हे तपासायची एक सोपी रीत आहे. पत्रात काय म्हटलं ते बघायचं आणि नंतर मसुद्यात काय आलं ते बघायचं. या प्रकरणात तर फार थांबावं लागत नाही. मार्चच्या अखेरीस सर स्टॅफर्ड क्रिप्स यांनी दिल्लीत ब्रिटिश सरकारचा मसुदा जाहीर केला. ४ मार्चच्या तारेतले तिन्ही घटक त्यात शोधा. मुस्लिमबहुल प्रांतांना संघराज्यात सामील न होण्याची मोकळीक मिळाली. संस्थानिकांना नवी घटना मानायची की नाही, याचा पर्याय मिळाला. अस्पृश्यांना काय मिळालं? 'वांशिक आणि धार्मिक अल्पसंख्याकांच्या' संरक्षणाचं एक मोघम आश्वासन. त्यात अस्पृश्यांचं नावही नव्हतं. घटना बनवणारी सभा प्रांतिक विधिमंडळांतून निवडली जाणार होती, म्हणजे तिथे पुन्हा सवर्ण बहुमत. तारेतलं कर्तव्य महिनाभरात मसुद्यातून गळालं.

बाबासाहेबांनी हे तिथल्या तिथे ओळखलं. ते आणि एम. सी. राजा क्रिप्सना भेटले. हा मसुदा अस्पृश्यांना हिंदू बहुमताच्या हाती बांधून देणारा आहे, असं त्यांनी लेखी कळवलं. इंग्रजांचे हस्तक म्हणवल्या गेलेल्या माणसाने इंग्रजांचा मसुदा नाकारला, हे ऑगस्टमध्ये टोमणे मारणारे सांगत नाहीत.

आणि ही काही पहिली वेळ नव्हती. जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळाचा विस्तार झाला, त्यात अस्पृश्यांना जागा नव्हती. तेव्हा बाबासाहेबांनी भारतमंत्री अ‍ॅमेरी यांना तार करून निषेध नोंदवला होता. तारा फक्त चर्चिललाच करता येत नव्हत्या. त्याच वर्षी, १८९२ पासून बंद झालेला आणि पहिल्या महायुद्धापुरता उघडून पुन्हा मिटलेला सैन्याचा दरवाजा त्यांनी उघडायला लावला. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आशियाच्या संरक्षणात आपली माणसं नुसता आकडा म्हणून नव्हे, पलटण म्हणून उतरली.

जुलै १९४२ मधल्या घटनांचा क्रमही याच प्रकाशात वाचा. त्याच महिन्यात नागपूरच्या परिषदेत शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा निर्णय झाला आणि त्याच महिन्यात बाबासाहेबांनी मजूर खात्याची सूत्रं घेतली. एका हाताने स्वतःची संघटना, दुसऱ्या हाताने सत्तेतली जागा. याला शरणागती म्हणत नाहीत. ज्या टेबलावर आपल्याविषयी बोललं जातं, त्या टेबलाशी खुर्ची ओढून बसणं म्हणतात.

डिसेंबर १९४२ मध्ये कॅनडातल्या माँ त्रांब्लां इथे इन्स्टिट्यूट ऑफ पॅसिफिक रिलेशन्सची परिषद भरली. विषय होता पॅसिफिक आणि अतिपूर्वेत मित्रराष्ट्रांचं युद्धकालीन आणि युद्धोत्तर सहकार्य. म्हणजे त्या तारांचाच विषय. बाबासाहेबांनी या परिषदेसाठी निबंध लिहिला आणि एन. शिवराज तिथे अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून गेले. पुढच्या वर्षी तो निबंध 'मिस्टर गांधी अँड द इमॅन्सिपेशन ऑफ द अनटचेबल्स' या नावाने पुस्तकरूपात आला. त्याचं पहिलंच प्रकरण कशावर आहे? अस्पृश्यांच्या लोकसंख्येवर! आम्ही किती आहोत हे आम्ही सांगू, अंदाजपंचे तुम्ही नाही. पुढे राजकीय मागण्या, मतदारसंघ, कार्यकारी मंडळ, सरकारी नोकऱ्या, स्वतंत्र वसाहती. 'कर्तव्य' हा शब्द हक्कांच्या यादीत कसा उतरवायचा, हे त्या निबंधात दिसतं.

उलट चर्चिलच्या कर्तव्याचं पुढे काय झालं? जपान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून १९४२ मध्ये बंगालच्या किनारपट्टीवरच्या हजारो होड्या सरकारने काढून घेतल्या वा मोडल्या. १९४३ च्या दुष्काळात सरकारी चौकशी आयोगाच्याच हिशेबाने १५ लाख माणसं मेली, अनेक अभ्यासक तो आकडा ३० लाखांच्या घरात नेतात. मरणाऱ्यांत भूमिहीन मजूर, मासेमार आणि नावाडी पुढे होते. त्यांच्या जाती कोणत्या, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळं सांगायला नको. चर्चिलने ऑस्ट्रेलियातला गहू आणायला रुझवेल्टकडे जहाजं मागितली ती एप्रिल १९४४ च्या अखेरीस. रुझवेल्टने जूनमध्ये नकार दिला. १९४६ च्या कॅबिनेट मिशनमध्ये तेच क्रिप्स पुन्हा आले. तेव्हा सर्वसाधारण, मुस्लिम आणि शीख असे तीनच गट मानले गेले. अस्पृश्य 'सर्वसाधारण'मध्ये बुडाले. सरकार बदललं होतं, पण मसुदा तसाच कोरा होता.

मी वस्तीत काम करते. निवडणुकीच्या तोंडावर येणारे पुढारी आमच्या वस्तीची मतं 'दीड-दोन हजार' अशी मोजतात. तो 'दीड-दोन' ऐकला की मला 'तीन ते चार कोटी' आठवतात. आजही कोणी युतीच्या वाटाघाटीत आपला आकडा वापरतं, कोणी एखाद्या विधेयकाला विरोध करताना आपलं नाव पुढे करतं, कोणी परदेशी व्यासपीठावर आपल्या दुःखाचा दाखला देतं. प्रत्येक वेळी त्यांच्यावर संशयच घ्या असं मी म्हणत नाही. पण एक प्रश्न विचारायला शिका: भाषणात आम्ही आहोत, मसुद्यात कुठे आहोत? कोणत्या कलमात, किती जागा, किती निधी, आणि सही कोणाची?

म्हणून पुढच्या ऑगस्टमध्ये कोणी डिवचलं, तर चर्चिलची तार पुढे करू नका. क्रिप्सचा मसुदा पुढे करा, बाबासाहेबांनी तो का नाकारला ते सांगा, आणि कॅनडाच्या परिषदेसाठी लिहिलेला निबंध वाचायला द्या. कोणाच्या पत्रात आपला उल्लेख आला होता, हा काही आपला इतिहास नाही. आपण स्वतः काय लिहिलं आणि त्याखाली कोणाची सही होती, तो आपला इतिहास आहे.

जय भीम!