स्क्रीन बंद पडल्यावर आपल्याला काय येतं?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी संध्याकाळच्या उपासनेत लाइट गेली. प्रोजेक्टर, माइक, माझा कीबोर्ड, सगळं बंद. आम्ही तरुण संघातली दहाबारा पोरं समोर उभी आणि एकालाही पुढची ओळ येईना. ओळी स्क्रीनवर असायच्या ना! मग मागच्या बाकावरच्या एका काकांनी पेटी ओढली, कुणीतरी टाळ काढले आणि मागच्या रांगा अंधारात टिळकांचं एक पद तोंडपाठ गाऊ लागल्या. मला चाल लहानपणापासून माहीत, शब्द अर्धेच. पण ते अर्धे शब्द म्हणताना कित्येक वर्षांनी वाटलं, की मी कुणाशी तरी बोलतोय.

सहा वर्षं मी कीबोर्ड वाजवतोय. चार कॉर्ड फिरवत राहायचे, शेवटी आवाज चढवायचा. ड्रम कधी थांबले की लोक डोळे मिटतात हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण थांबायची खूण मीच करतो. त्या गाण्यांत इतरांना येशू भेटत असेल, मी नाकारत नाही. मला भेटत नव्हता, आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या सरावाला मी म्हटलं, दर रविवारी निदान एक जुनं पद घेऊ. उत्तरं दोन आली. एक, ते आजीआजोबांचं झालं, तरुण पळतील. दुसरं, टाळपेटी आपली नाही, ते हिंदूंचं.

पहिल्यावर वाद घालता येईल. दुसऱ्याचा मला राग येतो.

नारायण वामन टिळक याच नाशकात गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकले. लक्ष्मीबाईंचं माहेर इथूनच जवळ, जलालपूरचं. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, पण येताना अभंग दारात काढून ठेवला नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. तेव्हा मंडळ्यांमध्ये बरीच गाणी इंग्रजीवरून भाषांतरित केलेली होती, परदेशी चालीत मराठी शब्द कोंबलेले. टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हटलं, गुरू म्हटलं. विठोबाला माउली म्हणणाऱ्या भाषेत वाढलेल्या माणसाला देवाशी जवळीक अशीच सुचणार. त्याआधी १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं होतं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. जन्माने इंग्रज असलेल्या जेझुइटाला ओवी चालते आणि कॉलेज रोडवर राहणाऱ्या आपल्याला ती परकी वाटते?

बाहेरचेही काही कमी नाहीत. ऑफिसातला एक मित्र म्हणाला, ‘तुम्ही लोक अभंग ढापता, धर्मांतरासाठी.’ अरे, माझी पणजी जात्यावर जे म्हणायची ते तिने कुणाकडून ढापलं? बाप्तिस्म्याने माणसाची मातृभाषा बदलत नाही. गंमत अशी, की आमच्या संघातली मंडळी आणि हा मित्र, दोघांचं एकमत आहे: अभंग ख्रिस्ती माणसाचा नाही.

गिटारशी माझं वैर नाही. गिटारवर अभंग छान बसतो, आम्ही करून पाहिलंय. तक्रार उधार प्रार्थनेची आहे. मला रडू येतं ते मराठीत, आईशी भांडतो ते मराठीत, आणि देवासमोर उभं राहिल्यावर मात्र सिडनीत लिहिलेलं इंग्रजी, नाहीतर त्याचं हिंदी भाषांतर. टिळकांनी जे भाषांतर मोडून काढायला आयुष्य घातलं, तेच आपण शंभर वर्षांनी सबस्क्रिप्शन भरून परत आणलंय.

तरुण पळतील म्हणता? तरुण तसेही पळतायत. मी स्वतः पळायच्या बेतात होतो.

पाळकसाहेबांनी महिन्यातून एक रविवार दिलाय, स्क्रीनशिवाय. उपासना संगीताच्या जुन्या प्रती कपाटातून काढल्यात, वाळवी लागलेल्या चार सोडून. पेटीवाले काका म्हणतात चाल जुनीच हवी, मला ताल थोडा सैल हवाय. त्यावर आमचं अजून जमलेलं नाही.