शिरगणतीचे भय

अमेरिकेत १९२०, १९३० आणि १९४० साली जी जनगणना झाली, तिच्यात माणसाचा वंश नोंदवताना 'हिंदू' असा एक शब्द होता. हा शब्द धर्माचा नव्हता. हिंदुस्थानातून आलेला जो कोणी असेल तो हिंदू. कॅलिफोर्नियाच्या शेतात राबणारा पंजाबी शीख हिंदू आणि हुगळीकडच्या खेड्यातून चिकनचे कापड विकत न्यू ऑर्लिन्सला पोचलेला बंगाली मुसलमानही हिंदूच. इथे ज्याला उठताबसता 'तू इथला नाहीस' असे ऐकवले जाते, त्याला तिथल्या सरकारने कागदोपत्री हिंदू करून टाकले होते. हे वाचले तेव्हा आम्ही आधी हसलो. मग लक्षात आले, की यात हसण्यासारखे फारसे काही नाही. माणसाला कोणते नाव द्यायचे हे मोजणारा ठरवतो, आणि मोजणाऱ्याचे भय त्या नावात आधीच भरलेले असते.

त्या भयाबद्दलच आम्हाला बोलायचे आहे.

२००८ साली अमेरिकेच्या जनगणना खात्याने अंदाज जाहीर केला, की २०४२ च्या सुमारास त्या देशात गोऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्या खाली जाईल. पुढे २०१८ साली ही तारीख २०४५ वर गेली. अंदाज बांधणे हे खात्याचे काम; त्याने ते केले. पण राजकारणाच्या हाती आयते हत्यार आले. 'आपली जागा दुसऱ्यांना दिली जात आहे' ही वंशवाद्यांच्या कोपऱ्यातली भाषा टीव्हीच्या पडद्यावर आणि प्रचारसभांच्या व्यासपीठावर आली. स्थलांतरित लोक देशाचे रक्त विषारी करीत आहेत, असे २०२३ साली डोनाल्ड ट्रम्प यांनी प्रचारात उघडपणे म्हटले, आणि २०२४ साली ते निवडूनही आले.

गोरे निम्म्याखाली जाणार, म्हणजे कोण निम्म्याखाली जाणार? आधी गोरा कोण ते तरी ठरू द्या.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५१ साली लोकसंख्येवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांना चिंता होती ती पेनसिल्व्हेनियात येणाऱ्या जर्मनांची. हे लोक आपली भाषा शिकणार नाहीत, उलट आपल्यालाच जर्मन करून टाकतील, असे त्यांना वाटत होते. जर्मन आणि स्वीडिश लोकांना तर त्यांनी सावळ्यांत काढले होते. पुढे १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडाले आणि उपाशी आयरिश माणसे बोटी भरभरून आली. ती कॅथलिक म्हणून पोपची फौज ठरली. त्यांच्याविरुद्ध पक्षच निघाला, आणि १८५६ च्या निवडणुकीत एका माजी राष्ट्राध्यक्षाने, मिलर्ड फिलमोर यांनी, त्या पक्षाची उमेदवारी घेतली. १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना दार बंद झाले. १८९१ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने अकरा इटालियनांना ठार मारले. इटालियन कायद्याने गोरेच होते. जमावाच्या लेखी नव्हते.

१९१६ साली मॅडिसन ग्रँट या न्यूयॉर्कच्या वकिलाने 'द पासिंग ऑफ द ग्रेट रेस' हे पुस्तक लिहिले. उत्तर युरोपातला थोर वंश आता लयाला चालला, हे त्याचे सूत्र. त्याला भय होते ज्यूंचे, इटालियनांचे, पूर्व युरोपातल्या स्लाव्ह लोकांचे. हेच भय १९२४ च्या कायद्यात उतरले. प्रत्येक देशाचा कोटा ठरला : १८९० च्या जनगणनेत त्या देशात जन्मलेले जेवढे लोक अमेरिकेत होते त्यांच्या दोन टक्के. १९२० ची जनगणना हाताशी असताना १८९० ची का काढली? कारण १८९० पर्यंत इटालियन आणि ज्यू फारसे आले नव्हते. शिरगणती जुनी घेतली, की नको असलेली माणसे मोजणीतच येत नाहीत. आशियाला तर जवळजवळ कायमचीच कडी लावली गेली. ज्यांना थोपवण्यासाठी हा कायदा झाला, त्यांचीच पतवंडे आज 'गोऱ्यां'त धरली जातात, आणि 'आपण घटतो आहोत' म्हणून गळा काढणाऱ्यांत त्यांच्यातलेही पुष्कळ आहेत.

आजचे आकडेही असेच निसरडे आहेत. २०२० च्या जनगणनेत केवळ गोरे, आणि लॅटिन अमेरिकी मुळाचे नसलेले, असे लोक ५७.८ टक्के निघाले. पण ज्यांनी 'आम्ही गोरे' किंवा 'आम्ही गोरे आणि आणखीही काही' असे लिहिले, त्या सर्वांना धरले तर प्रमाण ७१ टक्के होते. घरात एक आजी मेक्सिकन असली की नातू कुणाच्या खात्यावर मांडायचा, एवढाच हा फरक. मेक्सिकन माणसाला १९३० च्या जनगणनेने वेगळा वंश ठरवले, १९४० मध्ये पुन्हा गोरा केले. आपण भारतीय १९७० साली गोऱ्यांत होतो, १९८० साली 'एशियन इंडियन' झालो. कातडी तीच, रकाना बदलला.

हा खेळ केवळ कागदावरचा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. त्यात माणसांची आयुष्ये गेली आहेत. १७९० च्या कायद्याने नागरिकत्व फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसालाच मिळू शकत होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेले भगतसिंग थिंद १९२३ साली सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. त्यांचा खटला चालवणाऱ्या वकिलाचे नाव होते सखाराम गणेश पंडित. हे नाव मराठी वाचकाच्या कानाला परके वाटू नये. बचावाचा मुद्दा असा, की आम्ही उच्चवर्णीय आर्य आहोत, म्हणजे गोरेच आहोत. अमेरिकेतला गोरा निग्रोशी लग्नसंबंध टाळतो, तसा आमचा उच्चवर्णीयही आपल्याकडच्या आदिवासींशी टाळतो, असा दाखलाही न्यायालयापुढे ठेवला गेला. न्यायालयाने आर्य-बिर्य बाजूला सारले आणि सांगितले, रस्त्यावरच्या सामान्य माणसाला तुम्ही गोरे वाटत नाही, तेव्हा तुम्ही गोरे नाही.

या निकालानंतर ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळाले होते त्यांचे ते काढून घेणे सुरू झाले. पंडितांवरही खटला झाला. ते कायदा जाणणारे, लढले आणि जिंकले. पेशावरहून येऊन सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटलेल्या वैष्णोदास बगाईंना ते जमले नाही. नागरिकत्व गेले, मालमत्तेचा हक्क गेला, आणि १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली.

आम्हाला या खटल्यात सर्वात जास्त टोचतो तो न्यायालयाचा निकाल नाही. गोऱ्यांच्या न्यायालयाने गोऱ्यांची बाजू घेतली, त्यात नवल काय? टोचतो तो युक्तिवाद. अन्यायाच्या दारात उभे राहून 'हे दारच चुकीचे आहे' असे न म्हणता, 'आम्हीही खालच्यांना असेच वागवतो, सबब आम्हाला आत घ्या' असे म्हणायचे! वर्णाची पत्रिका घेऊन वंशाच्या दारी स्थळ मागायला जायचे! मागणाऱ्याची पत्रिका तर फेटाळलीच गेली, पण वृत्ती मात्र उरली.

मुसलमानाची गत काय होती तेही पाहा. १९४२ साली मिशिगनमधल्या न्यायालयाने अहमद हसन या येमेनी माणसाला नागरिकत्व नाकारले. त्याचा वर्ण काळसर, आणि मुसलमान संस्कृती ख्रिस्ती युरोपला परकी, ही कारणे. दोनच वर्षांनी मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने दुसऱ्या एका अरबाला गोरा ठरवून नागरिकत्व दिले. तेव्हापासून अरब जनगणनेत गोरे आहेत; २०२४ साली त्यांच्यासाठी वेगळा रकाना मंजूर झाला एवढेच. कागदावर गोरे आणि विमानतळावर संशयित, असे दुहेरी जिणे ते जगत आले. जानेवारी २०१७ मध्ये सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी झाली, तेव्हा कुणी त्यांचा गोरेपणा तपासला नाही.

आमच्या वाचकाला एव्हाना हा सूर ओळखीचा वाटू लागला असेल. मॅडिसन ग्रँटच्या पुस्तकाआधी सात वर्षे, १९०९ साली, कलकत्त्यात यू. एन. मुखर्जी यांनी हिंदू ही मरणपंथाला लागलेली जात आहे, असे जनगणनेच्या आकड्यांवरून लिहिले होते. तेव्हापासून आम्ही आकड्यांत जगतो आहोत. आमच्या घरातला पाळणा हा राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, की १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुले होती, २०१९-२१ मध्ये ती २.४ वर आली. हिंदू स्त्रीमागे ३.३ होती, ती १.९ वर आली. उतरण दोन्हीकडे आहे, आमच्याकडे जास्त वेगाने आहे. पण भयाला आकडे वाचता येत नाहीत, ते फक्त मोजते.

म्हणूनच अमेरिकेतल्या आपल्या मराठी बांधवांना आम्हाला काही विचारायचे आहे. तुम्ही तिथे गेलात ते १९६५ च्या कायद्याने उघडलेल्या दारातून. त्या कायद्याने १९२४ चा वंशाधारित कोटा मोडला. तो काही कुणाच्या गुणवत्तेवर खूश होऊन झाला नाही. अलाबामात, मिसिसिपीत काळ्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, कुत्र्यांचे चावे सोसले, जीव दिले. त्या लढ्याने वंशभेदाची लाज वाटावी असे वातावरण निर्माण केले, आणि त्या वातावरणात हा कायदा आला. तुमच्या पदव्या तुमच्या, पण दार त्यांनी उघडले.

तिथे तुम्ही अल्पसंख्याक आहात. मंदिर बांधता, गणपती बसवता, मुलांना मराठी शिकवता, आणि हे सारे तुमचा हक्क म्हणून करता. तो हक्क आम्हालाही मान्य आहे. मग तुमच्यातलेच कित्येक जण इकडच्या अल्पसंख्याकाच्या मशिदीकडे, त्याच्या मुलांच्या संख्येकडे ग्रँटच्या चष्म्यातून का पाहतात? सप्टेंबर २०१९ मध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या मैदानात भारतीयांच्या विराट सभेपुढे ट्रम्प यांनी इस्लामी दहशतवाद आणि सीमांचे रक्षण यांवर भाषण केले, तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्याआधी सातच आठवड्यांपूर्वी त्याच टेक्सासमध्ये, एल पासोच्या बाजारात, 'लॅटिनांचे आक्रमण' थोपवायला निघालेल्या एका तरुणाने गोळ्या घातल्या होत्या. त्यात तेवीस माणसे गेली. टाळ्या वाजवणाऱ्या हातांना वाटले, बोलणे दुसऱ्यांबद्दल चालले आहे.

जानेवारी २०२५ मध्ये कळले, की ते तेवढे दुसऱ्यांबद्दल नव्हते. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला जन्मतः नागरिकत्व, हे तत्त्व वोंग किम आर्क या चिनी आईबापांच्या मुलाने १८९८ साली सर्वोच्च न्यायालयात मिळवले होते. नव्या आदेशाने ते आकसून टाकायचे ठरवले, आणि त्यात तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या आईबापांची मुलेही आली. न्यायालयांनी आदेश अडवला, पण पुण्या-नाशिकातून गेलेल्या कितीतरी घरांची त्या महिन्यांत झोप उडाली. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क बसले. ज्या व्हिसाचे सत्तर टक्क्यांहून अधिक लाभार्थी भारतीय, त्यावर. याचा आम्हाला आनंद नाही. आमच्याही घरची मुले त्या रांगेत आहेत. आम्ही एवढेच म्हणतो, की कुंपण सरकू लागले की ते तुमची पत्रिका पाहायला थांबत नाही.

कुणी म्हणेल, देशाने सीमा राखू नये का? जरूर राखावी. मजुरीचे दर, घरांची टंचाई, बेकायदा मजूर आणून मालकांनी चालवलेले शोषण, हे खरे प्रश्न आहेत. बार्बरा जॉर्डन या टेक्सासच्या काळ्या नेत्या नव्वदच्या दशकात स्थलांतरविषयक आयोगाच्या अध्यक्ष होत्या. त्यांच्या आयोगाने स्थलांतरावर मर्यादा सुचवल्या. त्यांना कोण वंशवादी म्हणेल? किती लोक घ्यायचे हा धोरणाचा प्रश्न आहे. कोणत्या रक्ताचे घ्यायचे, हा प्रश्न विचारला की धोरण संपते आणि वंशवाद सुरू होतो.

आणि आमच्या स्वतःच्या अंगणाचे काय? कोकणातल्या आमच्या घराघरांतून माणूस आखातात गेला. तिथे तीस-तीस वर्षे राबला, पण तिथला नागरिक होण्याचे स्वप्नही त्याने पाहिले नाही, कारण तिथल्या राज्यकर्त्यांनाही आपल्याच भूमीत अल्पसंख्य होण्याचे भय आहे. तो धर्मबंधू आहे म्हणून दार उघडले गेले नाही. याबद्दल आम्ही किती बोलतो? शिवाय आमच्यातही काही महाभाग आहेत, जे व्यासपीठावरून संख्येच्या फुशारक्या मारतात. भयाला भयाचे खाद्य पुरवणारे हे लोक आमचे वकील नाहीत.

मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्च शहरात जुम्याच्या नमाजाला आलेली एक्कावन्न माणसे एका माथेफिरूने मारली. त्याच्या डोक्यात हेच होते, आमची जागा घेतली जात आहे. मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या बफेलोत किराणा घ्यायला आलेली दहा काळी माणसे याच समजुतीने मारली गेली. त्यांचे पूर्वज तर गुलाम म्हणून साखळदंडात आणलेले. त्यांना कुणाची जागा घ्यायला बोलावले नव्हते.

ज्याला आपण अल्पसंख्य होऊ या विचाराने घाम फुटतो, त्याने एक गोष्ट न बोलता कबूल केलेली असते. अल्पसंख्याकाला या देशात कसे वागवले जाते, हे त्याला पक्के ठाऊक आहे. तसे वागवले जात नसते, तर पन्नासचे एकोणपन्नास झाले काय आणि चाळीस झाले काय, त्याला भ्यायचे कारणच नव्हते. तेव्हा या भयावरचा उपाय पाळणे मोजण्यात नाही आणि भिंती बांधण्यातही नाही. अल्पसंख्य असणे ही शिक्षा राहणार नाही, असा देश करणे हाच उपाय आहे. अमेरिकेला हे आम्ही सांगतो आहोत, पण ऐकायला घरातलेही बसले आहेत याची आम्हाला जाणीव आहे.